सहा कामट्यांची काठी

गरवायला बसणाऱ्याच्या तंगुशीला पुढे शिशाची गोळी असते, नाहीतर आमिष तरी जड असतं. ते भिरकावलं की तंगूस त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. तिथे गळावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो आणि त्याला म्हणण्यासारखं वजनच नसतं. हाताने कितीही जोरात फेकला तरी तो पायापाशी पडतो. त्यामुळे फेकण्याचं वजन दोरातच घातलेलं असतं आणि दोर किड्याला आपल्यासोबत घेऊन जातो.

या दोराच्या वजनाचं कोष्टक अमेरिकेतल्या मासेमारीचं साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९६१ साली ठरवलं. आजही जगभर त्याच पायावर काम चालतं. दोराचा पुढचा तीस फुटांचा भाग तोलायचा. तो १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम भरला तर दोर पाच नंबरचा. १२० ग्रेनला चार नंबर, १६० ग्रेनला सहा. काठीवरही हाच नंबर लिहिलेला असतो, कारण त्या नंबरच्या दोराशिवाय काठीला अर्थ नाही. तीस फुटांवर पसरलेलं नऊ ग्रॅम वजन पाण्यावरून उचलायचं, मागे हवेत सरळ उलगडायचं, मग पुढे उलगडायचं आणि शेवटी अलगद खाली ठेवायचं, एवढ्यासाठी आठ-नऊ फुटांची ती काठी असते. ती वाकते, वाकताना हाताचा जोर साठवते आणि हात थांबला की तो दोराला देऊन टाकते. तिने कुठे किती वाकावं हे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तिची जाडी कशी उतरत जाते यावर ठरतं.

जाडीचा हा उतार म्हणजेच काठी. बाकीचं सगळं, मूठ, कड्या, रिळाची बैठक, वार्निश, त्याच्यावर चढवलेलं असतं. आणि हा उतार नवशिक्यालाही घरच्या टेबलावर बदलता येतो. म्हणूनच काठी बांधायला शिकणं आणि ती फेकायला शिकणं ही एकाच अभ्यासाची दोन टोकं ठरतात. या कलेचा इतिहास पाहिला तर असं दिसतं की नामवंत कारखाने मागे पडत असताना तिला हौशी नवशिक्यांनीच जगवलं.

भट्टीतली काठी

इंग्रजीतलं मासेमारीवरचं छापलेलं पहिलं लिखाण १४९६ सालचं. विंकिन द वर्ड या मुद्रकाने काढलेल्या ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आलं. परंपरेने ते डेम जुलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर आहे. त्यात काठी विकत कुठे मिळेल हे सांगितलेलं नाही, ती बनवायची कशी हे सांगितलं आहे. थंडीच्या दिवसांत हेझल, विलो किंवा ॲस्पेनची दंडाएवढी जाड फांदी तोडायची, भट्टीत तापवून सरळ करायची, महिनाभर सुकू द्यायची, तापल्या तारेने आतला गाभा जाळून ती पोकळ करायची आणि धुरात टांगून ठेवायची. पोकळ करण्यामागे एक मिश्कील हेतू होता. वरचा बारीक भाग खालच्या भागात सरकवला की हातात नुसती चालण्याची काठी दिसते आणि माणूस कुठे निघालाय हे कुणाला कळत नाही.

तेव्हा रीळ नव्हतं. घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेला दोर काठीच्या टोकालाच बांधलेला असे. पुढे रीळ आलं, दोर लांबला, काठीवर कड्या आल्या आणि लाकडाची परीक्षा कडक झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानाहून येणारं ग्रीनहार्ट हे लाकूड नावाजलं गेलं. ते चिवट होतं, पण जड होतं. वजन कमी आणि लवचीकपणा जास्त असं काही हवं होतं, आणि ते कलकत्त्याच्या बंदरातून आलं.

कलकत्त्याचा बांबू, अमेरिकेचा कारागीर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन नावाचं गाव आहे. तिथे सॅम्युएल फिलिप बंदुका आणि व्हायोलिन बनवत असे. १८४५-४६च्या सुमारास त्याने बांबू चिरून त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. तो बांबू ‘कॅलकटा केन’ या नावाने बाजारात मिळायचा. त्याच्या सालीवर बऱ्याचदा भाजल्याचे डाग असत आणि कारागिरांना ते डाग चुकवत पट्ट्या काढाव्या लागत. ही जात बहुधा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे आपल्याकडचा मानवेल, असं मानलं जातं. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत तो आढळतो. कोरड्या जमिनीत त्याची कांडी जवळजवळ भरीव होतात, म्हणून लाठ्या आणि भाल्यांचे दांडे त्याचे करत.

मेन राज्यातल्या बँगोर गावच्या हायरम लिओनार्डने १८७०च्या दशकात या कामाला कारखान्याचं रूप दिलं. त्याने पट्ट्या अचूक कोनात कापणारं यंत्र बनवलं आणि सहा पट्ट्यांची काठी रूढ केली. १८८१ साली कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीला हलला. एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स यांच्यासारखे नंतर स्वतःच्या नावाने गाजलेले कारागीर याच कारखान्यात तयार झाले.

पट्ट्या सहाच का, याचं उत्तर बांबूच्या रचनेत आहे. बांबूची ताकद त्याच्या उभ्या तंतूंत असते आणि हे तंतू सालीलगत दाट, आत जाताना विरळ होत जातात. गाभ्याजवळचा भाग पिठूळ असतो. बुरूडकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कामटी काढताना पाठ राखायची आणि पोट तासायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं. आता समजा, प्रत्येक कामटीला साठ अंशांचा त्रिकोणी छेद दिला. अशा सहा कामट्या एकत्र केल्या की भरीव षट्कोन होतो. सहाही सालीकडच्या बाजू बाहेर येतात आणि कमकुवत पोट मधोमध दडतं. वाकणाऱ्या दांड्यावर ताण बाहेरच्या कडांवर सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळपास शून्य असतो. जिथे ताण तिथे तंतू, असा हा मेळ आहे. चार आणि पाच कामट्यांच्या काठ्याही झाल्या आणि त्यांचे चाहते आजही आहेत, पण सहाचा षट्कोन टिकला. त्यात समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजता येतं आणि घरच्या कारागिरासाठी ही सोय मोठी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बांबूची जागा चीनमधल्या बांबूने घेतली. व्यापारात त्याला टोंकिन म्हणतात, पण तो व्हिएतनामातल्या टोंकिनचा नाही, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या स्वेई नदीच्या खोऱ्यातला आहे. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात शिकवणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्‌क्लूर यांनी १९३१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा बांबू सरळ वाढतो, त्याच्या गाठी फारशा फुगत नाहीत, पेरं लांब असतात आणि सालीलगतच्या तंतूंचा थर जाड असतो. तोडल्यावर तो नदीत वाळूने घासून धुतात, उन्हात वाळवतात आणि विस्तवावर शेकून सरळ करतात. जगात जातो तो बहुतेक बागेतल्या झाडांना आधार म्हणून. त्यातले निवडक, दोन-अडीच इंच जाडीचे आणि बारा फूट लांबीचे तुकडे काठ्या करणाऱ्यांच्या वाट्याला येतात.

बंद खोलीतून उघड्या पुस्तकात

मोठे कारखाने आपले उतार गुप्त ठेवत. कामटीला कोन देणारी यंत्रं बाहेरच्या माणसाच्या नजरेस पडू देत नसत. विद्या वारशाने किंवा चोरून मिळायची. मग काळच बदलला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्या. त्या स्वस्त होत्या आणि पाण्याने बिघडत नव्हत्या. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो १९७१पर्यंत बंदच राहिला. बांबूचा साठा असलेल्यांनी काम रेटलं, बाकीच्यांनी काचतंतूकडे मोर्चा वळवला. बंदी उठते न उठते तोच १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्बन तंतूच्या काठ्या आल्या. त्या बांबूपेक्षा कितीतरी हलक्या आणि ताठ. बांबूच्या काठीची कहाणी इथेच संपायला हरकत नव्हती.

ती संपली नाही याचं श्रेय एका इंजिनिअरला आहे. एव्हरेट गॅरिसन यांचा जन्म १८९३चा. ‘दि आयडिल ऑफ द स्प्लिट बांबू’ हे हौशींसाठीचं पुस्तक १९२० साली लिहिणारे डॉ. जॉर्ज पार्कर होल्डन यांच्याकडून गॅरिसन यांना या कामाची गोडी लागली. कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने केलेली गोष्ट त्यांनी कागदावर मांडली. फेकताना काठीवर कुठे किती ताण येतो, त्यात दोराचं वजन किती, काठीचं स्वतःचं किती, कड्या आणि वार्निशचं किती, याचा हिशेब करून त्यांनी दर पाच इंचांवरची जाडी काढली. हवा तसा ताणाचा आलेख आधी आखायचा आणि त्याला जुळेल असा उतार शोधायचा, ही त्यांची रीत.

१९७५ साली गॅरिसन वारले. त्यांच्यासोबत काम करणारे होगी कारमायकल, म्हणजे प्रसिद्ध गीतकार-संगीतकार होगी कारमायकल यांचा मुलगा, यांनी अपुरं पुस्तक पुरं केलं. ‘अ मास्टर्स गाइड टू बिल्डिंग अ बांबू फ्लाय रॉड’ १९७७ साली आलं. त्यात रंधा कसा धरावा, फर्मा कसा करावा, दोरा गुंडाळण्याचं यंत्र कसं जुळवावं हे सगळं होतं, शिवाय काठ्यांची मापंही होती. मिशिगनच्या वेन कॅटनॅक यांनी पुढे गॅरिसनचं गणित हेक्सरॉड नावाच्या संगणक कार्यक्रमात बसवलं. त्यामुळे जुन्या पेन किंवा लिओनार्ड काठीची मापं भरून तिचा ताणाचा आलेख पाहणं आणि त्यात फेरफार करणं कुणालाही शक्य झालं. आता हौशी कारागीर मापांची देवाणघेवाण करतात. इटलीत त्यांची संघटना आहे. कॅट्सकिल डोंगरांतल्या लिव्हिंग्स्टन मॅनॉर गावी फ्लाय फिशिंगचं संग्रहालय आहे, तिथे त्यांच्या कामाचा मान राखला जातो. गुप्तता गेली आणि कला वाचली. आपल्याकडच्या कितीतरी हस्तकलांच्या बाबतीत हे उलट घडलं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिली पायरी: कोरी नळी

नवशिक्याने थेट बांबू चिरायला घेऊ नये. पहिली काठी तयार नळीवर बांधावी. कार्बन किंवा काचतंतूची निमुळती कोरी नळी मिळते, तिला ब्लँक म्हणतात. नऊ फुटांची, पाच नंबरच्या दोराची, चार तुकड्यांत येणारी नळी हा सुरुवातीचा रूढ पर्याय आहे. कार्बनचं कापड निमुळत्या सळईवर गुंडाळून, भाजून ती बनते. कापडाच्या कडा एकावर एक येतात तिथे ती किंचित ताठ असते. नळीचं टोक टेबलावर टेकवून मध्ये दाबत बोटांनी फिरवलं की ती एका ठिकाणी झटकन स्थिरावते. तो तिचा कणा. कड्या त्याच रेषेत बांधाव्यात की त्याच्या विरुद्ध, यावर जुने वाद आहेत. नळी कुठल्या बाजूने सर्वांत सरळ दिसते ते पाहून कड्या बांधल्या तरी चालतं, असंही आता पुष्कळ जण मानतात.

मूठ बुचाची असते. बूच म्हणजे बूच ओकची साल. जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड न पाडता नऊ-नऊ वर्षांनी साल काढतात आणि चांगल्या प्रतीचं बूच तिसऱ्या खेपेपासून मिळतं. बुचाच्या चकत्या एकमेकींना चिकटवून, फिरवून घासून मुठीला आकार देतात. तिचं भोक नळीच्या जाडीनुसार गोल कानशीने थोडं थोडं वाढवत जायचं. एकदा जास्त मोठं झालं की ते बुजवता येत नाही, म्हणून इथे घाई उपयोगाची नाही. मुठीखाली रिळाची बैठक इपॉक्सीने बसवतात.

मग कड्या. मुठीकडची पहिली कडी मोठी असते, कारण तिथून दोर हाताकडे वळतो. पुढच्या कड्या तारेच्या, नागमोडी, टोकाकडे लहान होत जाणाऱ्या. काठी जितकी फूट, साधारण तितक्या कड्या आणि टोकाला एक वेगळी. त्यांच्या जागा नेमक्या ठरवण्यासाठी काठी मुठीशी पकडून आडवी अडकवतात, कड्या तात्पुरत्या चिकटवून त्यांतून दोरी ओवतात आणि ती ओढून काठी वाकवतात. दोरी काठीच्या वळणालगत धावली तर जागा बरोबर. दोन कड्यांमध्ये ती सरळ तोडून जात असेल तर तिथे कडी कमी पडते किंवा सरकवावी लागते. टोकाची कडी गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवतात, म्हणजे मोडली तर तापवून काढता येते.

कडीचे पाय कानशीने इतके पातळ करायचे की धागा नळीवरून पायावर न अडखळता चढेल. धागा ताणून, वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळतात. शेवटच्या काही वेढ्यांखाली धाग्याचा एक फास आधीच ठेवलेला असतो. त्यात टोक ओवून ओढलं की ते वेढ्यांखाली गडप होतं आणि गाठ राहत नाही. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन्हीकडे खाच पाडून त्यात नळी ठेवायची आणि धागा एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पानांतून काढायचा. पुस्तकाचं वजन धाग्याला ताण देतं. वर पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यायचे आणि ते घट्ट होईपर्यंत काठी मंद फिरत ठेवायची, नाहीतर ओघळ जमतो. छोटी मोटर असेल तर ती रात्रभर हे काम करते.

दुसरी पायरी: रंधा

बांबूची काठी यापेक्षा फार वेगळं काम मागते. बांबू चिरून पट्ट्या काढायच्या. प्रत्येक पट्टीतल्या गाठी तापवून, दाबून, घासून सपाट करायच्या. सहा पट्ट्या अशा मांडायच्या की गाठी एकाच जागी येणार नाहीत, कारण गाठ ही ताणाच्या वेळी कच्ची जागा. मग ओबडधोबड त्रिकोण तासून पट्ट्या भट्टीत काही मिनिटं तापवायच्या. ओलावा उडतो आणि तंतू ताठ होतात.

नेमकं रंधकाम पोलादी फर्म्यावर होतं. दोन लांब पोलादी पट्ट्या जवळजवळ ठेवलेल्या, त्यांच्या फटीत साठ अंशांची खाच आणि दर पाच इंचांवर बोल्ट. बोल्ट पिळले की तिथली खाच उथळ किंवा खोल होते. डायल गेजने खोली पाहत सगळी मापं लावली की काठीचा उतार त्या खाचेत उतरतो. कामटी खाचेत ठेवायची आणि रंधा पोलादाला टेकेपर्यंत चालवायचा. सालीकडची बाजू तासायची नाही, तिच्यावरची चकाकी तेवढी हलक्या हाताने खरवडायची. तासणं सगळं आतल्या दोन बाजूंवर.

मापं किती बारीक? टोकापाशी काठीची जाडी इंचाच्या सत्तर हजारांशांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर असते. तिथे एका कामटीची उंची मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. आता त्यात चूक झाली तर काय होतं? दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी पाच टक्के वाढली की ताठपणा एकवीस टक्क्यांहून जास्त वाढतो. टोकाशी पाच टक्के म्हणजे मिलिमीटरचा अकरावा हिस्सा, एका केसाएवढं. रंध्याचा एखादा फटका कमी पडला तर काठीचा नंबरच बदलू शकतो. नवशिक्याला हे समजतं तेव्हा रंध्याचं पातं पुन्हा पुन्हा पाजत बसण्याचा कारागिरांचा हट्टही समजतो.

सहा कामट्या चिकटवल्या की यंत्राने उलटसुलट दोरा गुंडाळून आवळतात. गोंद सुकल्यावर दोरा काढायचा, वाकडेपणा गरमीने सरळ करायचा, निकेल-सिल्व्हरचे जोड बसवायचे आणि तुकडे वार्निशच्या उभ्या नळीत बुडवून अगदी संथपणे वर ओढायचे. वर ओढण्याचा वेग एकसारखा असला की थरही एकसारखा बसतो.

फेक

काठी तयार झाली म्हणून पाण्यावर जायचं नाही. पहिले धडे मैदानावरचे. दोराच्या पुढे बारीक होत जाणारी तंगूस आणि तिच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधायचा. डोळे, कान आणि बघे तिन्ही सुरक्षित राहतात.

बिल आणि जे गॅमेल या बापलेकांनी १९९०मध्ये फेकीचे पाच नियम मांडले, आजचे बहुतेक शिक्षक त्यांवरच शिकवतात. दोरात ढील ठेवू नये. मागच्या आणि पुढच्या फेकीच्या मधला थांबा दोराच्या लांबीनुसार कमीजास्त करावा. हाताचा फेरा दोर आणि काठीचा वाक पाहून लहानमोठा ठेवावा. जोर योग्य जागी, योग्य तितकाच लावावा. आणि काठीचं टोक सरळ रेषेत चालावं. यातला शेवटचा नियम बाकी चारांचं फळ आहे. टोक सरळ चाललं तर हवेत दोराचा अरुंद वळसा होतो आणि तो वळसा पुढे पुढे उलगडत जातो. टोक कमानीत फिरलं तर वळसा रुंद होतो आणि वाऱ्यापुढे कोसळतो. टोक मध्येच खाली बुडलं तर दोर स्वतःलाच आडवा जातो आणि तंगुशीला गाठ पडते.

नवशिक्याची नेहमीची चूक मागच्या फेकीत असते. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो वाट न पाहता काठी पुढे आणतो. दोर उलगडायच्या आधीच ओढला गेला तर आसुडासारखा कडाडतो आणि टोकाचा किडा तुटून जातो. उपाय साधा आहे. मान वळवून मागे बघायचं. काही दिवसांनी बघावं लागत नाही, दोर मागे ताणला गेला की मुठीत किंचित ओढ जाणवते आणि हात आपोआप पुढे येतो. दुसरी चूक मनगटाची. मनगट मागे झुकलं की काठी फार मागे जाते आणि दोर गवतात पडतो. मागे झाडं असतील तर दोर मागे फेकायचाच नाही. काठी हळू मागे आणून, दोराचं पोट खांद्यामागे लोंबू देऊन, पुढे ढकलायची. याला रोल कास्ट म्हणतात, आणि पाण्यावर ती सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण पाणी दोर धरून ठेवतं आणि काठीला त्याच्याविरुद्ध वाकता येतं.

फेकणं हा ताकदीचा खेळ नाही याचा पुरावा म्हणून शिक्षक जोन वुल्फ यांचं नाव घेतात. १९२६ साली जन्मलेल्या जोन यांनी १९५१मध्ये दूरफेकीच्या एका स्पर्धेत सगळ्या पुरुषांना हरवलं होतं आणि पुढे न्यूयॉर्कच्या बीव्हरकिल नदीकाठी फेकीची शाळा काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८पासून फक्त फेकीच्या सरावासाठी बांधलेले उथळ तलाव आहेत. त्यांत मासे पकडत नाहीत, निव्वळ दोर उलगडतात.

काठी सांगते ते

काठीची मापं आणि हाताची फेक इथे एकत्र येतात. टोकाकडे वाकणारी ताठ काठी छोटा, झटक्याचा फेरा मागते. बुंध्यापर्यंत वाकणारी काठी लांब, संथ फेरा आणि जास्त वाट पाहणं मागते. फ्रान्सच्या पेझॉन ए मिशेल कंपनीसाठी शार्ल रिट्झ यांनी केलेल्या पॅराबोलिक काठ्या दुसऱ्या प्रकारच्या आणि त्यांचे निष्ठावंत आजही त्याच मागतात. विकतच्या काठीने फेक जमली नाही तर माणूस दुसरी विकत घेतो. बांधणारा वेगळा विचार करतो. मधल्या भागात वाक कमी पडतोय का, टोक जास्त जाड राहिलं का, कड्यांचं वजन काठीला खाली खेचतंय का, असे प्रश्न त्याला पडतात. त्यांची उत्तरं त्याच्या मापांच्या कागदावर असतात आणि मैदानावर ती तपासता येतात.

बांबू या शिक्षणाला विशेष योग्य आहे, कारण तो जड आणि संथ आहे. त्याच्याशी घाई चालत नाही. जोर जास्त झाला की काठी टोकाशी थरथरते आणि चूक लपत नाही. कार्बनची ताठ काठी बऱ्याच चुका पोटात घालते. ते मासे पकडायला बरं, शिकायला तितकं नाही.

इकडची वाट

भारतात फ्लाय फिशिंगचा मुक्काम मुख्यतः ट्राउटच्या थंड पाण्यावर आहे. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना असलेल्या फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने १९०० साली ब्राउन ट्राउट काश्मीरला आले. त्याआधीच्या वर्षी पाठवलेली अंडी वाटेतच गेली होती. कुलू खोऱ्यात १९०९च्या सुमारास, त्यानंतर तीर्थन, बरोट अशा ठिकाणी हा मासा पसरला. या ओढ्यांवर चार-पाच नंबरची काठी पुरते.

महाराष्ट्राचा मान वेगळ्या माशाला आहे. दख्खनचा महसीर, टॉर खुद्री, शास्त्राला पहिल्यांदा ज्ञात झाला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत. लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन केलं. आज त्याच नदीत त्याला शोधायला जाण्यात अर्थ उरलेला नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे आणि तिथली पिल्लं अनेक जलाशयांत गेली. महसीर जोरकस मासा आहे, त्याला सात-आठ नंबरची काठी हवी, शिवाय परवाना, स्थानिक नियम आणि मासा सोडून देण्याची तयारी हवी.

पण काठी बांधायला मासा लागत नाही. मैदान लागतं, ते गावोगावी आहे. कामटी काढणारे हातही आहेत आणि मानवेलही आहे. टोंकिनच्या सरळ पेरांशी त्याची बरोबरी नाही, पण अमेरिकेतल्या पहिल्या काठ्या बहुधा ज्या जातीच्या बांबूच्या झाल्या ती आपल्या जंगलात उभी आहे आणि तिच्यावर हात बसवायला हरकत नाही. सुरुवात करणाऱ्याने आधी काचतंतूच्या नळीवर काठी बांधावी आणि तिच्यावर फेक शिकावी. मग सहा कामट्यांची एक काठी करावी आणि तिची मापं दर पाच इंचांवर वहीत लिहून ठेवावीत. ती काठी बहुधा जड, संथ आणि थोडी वाकडी होईल. तिच्यावर फेकून पाहताना पुढच्या काठीचं कुठलं माप बदलायचं हे सुचलं, म्हणजे तिने आपलं काम केलं. मग फर्म्याचा तो एक बोल्ट अर्धा फेरा फिरवायचा आणि पुढच्या कामटीला रंधा लावायचा.